शंभर रुपये कमी करा, म्हणजे एक्स-रे मशीन येईल

पावसाळी अधिवेशन चालू असतानाची गोष्ट. गोव्यातल्या फोंड्यात ज्या दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं मी बघतो, त्यांतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात बसलो होतो. बाहेर पाऊस असा की समोरचा रस्ता दिसेना. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ. ह्याला आम्ही निवडून दिला. आरोग्य केंद्रातलं एक्स-रे मशीन सहा महिने बंद पडलंय, आणि हा सभागृहात उभा राहून काय सांगतो? आरोग्य खात्याचे पैसे शंभर रुपयांनी कमी करा म्हणे! डोकं ठिकाणावर आहे का ह्याचं?"

व्हिडिओ खरा होता. आमदार तसंच म्हणाले होते, आणि त्यांचं डोकंही ठिकाणावर होतं. सरकारकडून जास्त काही हवं असेल तर आमदाराने सभागृहात "कमी करा" असंच म्हणायचं असतं. ही गंमत एकदा कळली की अर्थसंकल्प, करकपात, त्यावरची ओढाताण या सगळ्याच्या बातम्या वेगळ्या दिसायला लागतात. काकांना मी जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो.

मुख्यमंत्र्यांनी अर्थसंकल्प वाचला म्हणजे पैसे मंजूर झाले, असं आपल्याला वाटतं. दुसऱ्या दिवशी पेपरात काय स्वस्त आणि काय महाग याची चौकट येते आणि विषय संपतो. प्रत्यक्षात तो दिवस म्हणजे नुसती सुरुवात. राज्यघटनेच्या २०२व्या कलमानुसार सरकार वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज विधानसभेपुढे ठेवतं, एवढंच. राज्याचा कर, केंद्राकडून आलेला वाटा, काढलेलं कर्ज, सगळं एकत्रित निधीत जातं आणि त्यातला एक रुपयाही सभागृहाने कायदा केल्याशिवाय बाहेर येत नाही. त्यासाठी प्रत्येक खातं आपापली मागणी मांडतं, तिच्यावर चर्चा होते, मत पडतं, आणि शेवटी सगळ्या मागण्या मिळून विनियोजन विधेयक मंजूर होतं. हे विधेयक म्हणजे तिजोरीची किल्ली.

गोव्यात याला आणखी एक वळण आहे. २०२५ चंच घ्या. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी, अर्थ खातंही त्यांच्याकडेच आहे, सुमारे २८ हजार कोटींचा अर्थसंकल्प २६ मार्चला मांडला. अधिवेशन अवघं तीन दिवसांचं. तेवढ्यात खातेवार चर्चा होणं शक्यच नव्हतं, म्हणून काही महिन्यांच्या खर्चापुरतं लेखानुदान घेतलं आणि मागण्यांवरची खरी चर्चा जुलै-ऑगस्टमधल्या लांब अधिवेशनात ठेवली. म्हणजे पर्वरीतल्या विधानसभेत आमदार रस्त्यांच्या पैशांवर भांडत असतात तेव्हा वर्षाचे चार महिने उलटलेले असतात आणि निम्मे रस्ते पावसात वाहून गेलेले असतात.

आता शंभर रुपयांकडे येऊ.

मागणी सभागृहापुढे आली की घटनेचं २०३वं कलम आमदारांना तीनच गोष्टी करू देतं: मंजूर करा, नामंजूर करा, किंवा कमी करा. वाढवता येत नाही. आरोग्य खात्याने पाच कोटी मागितले आणि आमदाराला वाटलं दहा हवेत, तर ते पाच कोटी दहा करायचा अधिकार त्याला नाही. विनियोजन विधेयक आल्यावरही रक्कम बदलणारी किंवा एका कामाचे पैसे दुसरीकडे वळवणारी दुरुस्ती सुचवता येत नाही. खर्चाचा प्रस्ताव राज्यपालांच्या शिफारशीनेच यावा लागतो, आणि व्यवहारात त्याचा अर्थ मंत्रिमंडळाने आधी हो म्हटलेलं असावं लागतं.

ही रीत ब्रिटनच्या संसदेकडून आली. राजाने मागायचं, लोकांच्या प्रतिनिधींनी द्यायचं की नाही ते ठरवायचं. आमच्या देवस्थानाच्या सभेत मी हेच वेगळ्या रूपात बघतो. समिती जत्रेच्या खर्चाचा कागद ठेवते. एखादा महाजन, म्हणजे देवस्थानाचा सभासद, उठून म्हणतो, रोषणाईवर एवढे नकोत. ठीक, त्यावर बोलता येतं. पण दुसरा म्हणाला की नाटकाला पन्नास हजार जास्त द्या, तिसरा म्हणाला पालखीच्या रस्त्याला, चौथा म्हणाला भटजींच्या दक्षिणेला, तर खजिनदाराने वही मिटून घरीच जावं. जमा कुठून होणार याची जबाबदारी ज्याच्यावर, त्यालाच खर्च सुचवू द्यायचा, हा त्यामागचा हिशेब.

मग आमदाराने एक्स-रे मशीनचं गाऱ्हाणं मांडायचं कसं? कपात सूचना देऊन. तिचे तीन प्रकार आहेत. धोरणच मान्य नसेल तर सगळी मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं. उधळपट्टी होतेय असं वाटलं तर नेमकी अमुक रक्कम कापा म्हणायचं. आणि एखाद्या ठरावीक तक्रारीकडे लक्ष वेधायचं असेल तर मागणी शंभर रुपयांनी कमी करा म्हणायचं; लोकसभेच्या नियमांत हीच रक्कम दिली आहे. या शंभर रुपयांना खर्च म्हणून काडीचीही किंमत नाही. सभागृहात उभं राहायला आणि मंत्र्याला उत्तर द्यायला भाग पाडायला जे तिकीट लागतं, त्याची ही किंमत.

कपात सूचना मंजूर झाली तर काय, असं काकांनी विचारलं. मंजूर होत नाही. झाली तर सरकारवर सभागृहाचा विश्वास उरला नाही असंच मानलं जातं, आणि ते होऊ नये म्हणून पक्षादेश काढलेला असतो. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आपल्या पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. तेव्हा सभापती "होय म्हणणारे" आणि "नाही म्हणणारे" असं पुकारतात तेव्हा निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. भाषणं जोरात होतात, टेबलं वाजतात, मागणी जशीच्या तशी पास होते. काही खर्चावर तर मतदानच होत नाही: कर्जावरचं व्याज, राज्यपाल, सभापती आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांचे पगार. त्याला भारित खर्च म्हणतात. चर्चा करा, हात लावू नका.

म्हणजे खरी घासाघीस सभागृहाबाहेरच होते. चाळीस आमदारांच्या गोव्यात सरकारला एकवीस लागतात, आणि ते एकवीस जमवतानाच पैशाचं अर्धं वाटप होऊन जातं. २०१७ची निवडणूक आठवते? काँग्रेसला १७ जागा, भाजपला १३, आणि तरी मनोहर पर्रीकरांनी विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ असा जिंकला, कारण मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आणि गोवा फॉरवर्डचे तीन-तीन आमदार आणि अपक्ष त्यांच्यासोबत गेले. मगोच्या सुदिन ढवळीकरांकडे सार्वजनिक बांधकाम खातं आलं, गोवा फॉरवर्डच्या विजय सरदेसाईंकडे नगर नियोजन. एक रस्त्यांचं आणि एक जमिनीचं. अर्थसंकल्पाच्या भाषणात कुठे किती कोटी हे नंतर वाचायचं, आधी कोणाला कुठलं खातं मिळालं ती यादी वाचावी, असं माझं मत.

विरोधात बसलेल्या आमदाराकडे मात्र शंभर रुपयांचं तिकीट सोडून काही उरत नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. गोव्यात पक्ष बदलणाऱ्याच्या तोंडी नेहमी एकच वाक्य असतं, मतदारसंघाच्या विकासासाठी. त्यावर आपण हसतो, आणि हसण्यासारखं ते आहेही. पण पैसा फक्त मंत्रिमंडळाच्या टेबलावरून सुटतो, हे त्या वाक्यातलं खरं.

खर्चाच्या बाजूला दार असं बंद असताना कराच्या बाजूला एक खिडकी उघडी ठेवली आहे. कर कमी करणारी किंवा रद्द करणारी दुरुस्ती सुचवायला राज्यपालांची शिफारस लागत नाही, असं २०७वं कलम सांगतं. खर्च वाढवा म्हणता येत नाही, कर वाढवा म्हणता येत नाही, पण कर कमी करा हे कुठलाही आमदार म्हणू शकतो. करकपात म्हणायला सोपी आहे ती अशी घटनेपासूनच. टाळ्या लगेच मिळतात, बिल उशिरा येतं.

गोव्याला ते बिल एकदा चांगलंच आलं. २०१२ साली निवडणुकीतलं वचन पाळत पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून थेट ०.१ टक्क्यावर आणला. पेट्रोल लिटरमागे साधारण अकरा रुपयांनी उतरलं. बांदा-सावंतवाडीकडच्या गाड्या पत्रादेवीची सीमा ओलांडून टाकी भरायला यायच्या, आणि आपल्याकडचे लोक महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना मुद्दाम फोन करून भाव विचारायचे. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना अजून सांगायला मजा येते. त्याच सरकारने गृहिणींना महिना हजार रुपयांची गृह आधार योजनाही आणली. एका हाताने कर कमी आणि दुसऱ्या हाताने खर्च जास्त. तेव्हा हे जमण्यासारखं वाटलं, कारण डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाणींतून खनिज निघत होतं आणि सरकारला त्यावर रॉयल्टी मिळत होती.

त्याच वर्षी १० सप्टेंबरला सरकारने खाणकाम थांबवलं आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. खनिजाचे ट्रक दारात उभे राहिले, खनिज वाहणाऱ्या बार्ज बोटी मांडवीत. खाणीवरचा महसूल आटला, पण दिलेलं अनुदान मागे घेता येत नाही. गृह आधार पुढे दीड हजारांवर गेली. मग जे उतरवलं होतं तेच हळूहळू वर चढवावं लागलं. टप्प्याटप्प्याने व्हॅट परत वाढत गेला. मधे नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क कमी केलं तेव्हा राज्यानेही लिटरमागे सात रुपये सोडले, निवडणूक तोंडावर होती. आणि जून २०२४ मध्ये पेट्रोलवरचा दर २० वरून २१.५ टक्के झाला. लोकसभेचं मतदान तेव्हा नुकतंच आटोपलं होतं. बारा वर्षांत फिरून जिथून निघालो तिथेच, वर दीड टक्का पुढे.

पेट्रोलवरच एवढी चढउतार का? कारण राज्याच्या हातात फिरवण्यासारखी खुंटी तेवढीच राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बहुतेक वस्तू-सेवांवरचा कर दिल्लीतल्या जीएसटी परिषदेकडे गेला. राज्याकडे उरलं काय, तर पेट्रोल-डिझेल, दारू, वाहन कर, जमिनीच्या व्यवहारावरचं मुद्रांक शुल्क, असं थोडंसं. हा अधिकार राज्यांनी सोडला तो फुकट नव्हे. २०१५-१६चा महसूल पाया धरून दर वर्षी १४ टक्के वाढ मिळेल, कमी पडलं तर केंद्र भरून देईल, असा पाच वर्षांचा करार झाला होता. देशातल्या करांवरचा हा सगळ्यात मोठा सौदा असावा. जून २०२२ ला त्याची मुदत संपली.

त्या परिषदेत मात्र गोव्याचं वजन आकारापेक्षा जास्त आहे. केंद्राकडे एक तृतीयांश मतमूल्य, सगळ्या राज्यांकडे मिळून दोन तृतीयांश, आणि राज्याराज्यांत समान वाटणी. तिथे गोव्याचं मत उत्तर प्रदेशाच्या मताएवढंच मोजलं जातं. निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणून केंद्राशिवाय काहीच होत नाही आणि केंद्राला एकट्याने काहीच करता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅसिनोंवर २८ टक्के कर कसा लावायचा यावर वाद झाला. गिऱ्हाइकाने चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर, की बक्षिसं वजा जाऊन कॅसिनोकडे उरलेल्या उत्पन्नावर? गोवा आणि सिक्कीम म्हणाले, उरलेल्यावर. ऐकलं गेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तर कॅसिनोंचा दर ४० टक्क्यांवर गेला. मांडवीतल्या त्या बोटींबद्दल मला फार प्रेम नाही, पण पणजीच्या दारात उभा असलेला धंदा आणि त्याचा दर ठरवणारी खोली यांतलं अंतर ध्यानात ठेवावं.

दिल्लीने कर कमी केला की त्यातला एक तुकडा आपल्या खिशातून जातो, हे तर कोणी सांगतच नाही. याचं नमुनेदार उदाहरण पणजीतच घडलं. २० सप्टेंबर २०१९ ला जीएसटी परिषदेची बैठक गोव्यात होती. बैठकीआधी सकाळी निर्मला सीतारामन यांनी पत्रकारांना बोलावून कंपन्यांवरचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. अध्यादेशाने, संसदेची मंजुरी डिसेंबरमध्ये. अंदाजे १.४५ लाख कोटींचा महसूल सोडल्याचं त्यांनीच सांगितलं. संध्याकाळी परिषदेने साडेसात हजारांवरच्या हॉटेल खोलीचा कर २८ वरून १८ टक्के केला, आणि आपल्या पेपरांत हॉटेलांचीच बातमी मोठी झाली.

आता हिशेब करा. केंद्राच्या करांतला ठरावीक हिस्सा वित्त आयोगाच्या शिफारशीने राज्यांना मिळतो. तेव्हा तो ४२ टक्के होता आणि त्या ४२ मध्ये गोव्याचा वाटा ०.३७८ टक्के. ढोबळ गुणाकार केला तर कंपन्यांच्या करकपातीतून गोव्याच्या वाट्याचे कागदावर सुमारे २३० कोटी गेले. विधानसभेत त्यावर एक कपात सूचनासुद्धा येऊ शकत नव्हती. पंधराव्या वित्त आयोगात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, राज्यांचा हिस्सा ४१ टक्के आणि त्यात आपला ०.३८६ होता. म्हणजे केंद्राने वाटणीतल्या करात शंभर रुपये सोडले की गोव्याचे सोळा पैसे जायचे. उपकर आणि अधिभार वाटणीत येत नाहीत, ते पूर्ण केंद्राचे. २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं तेव्हा काकांनी दुकानात पेढे वाटले होते. त्यात एक लाख कोटी सुटले, त्यातले आपले दीडशे-एक कोटी. पेढा गोडच होता.

मग राज्य हे भरून कुठून काढतं? पगार, निवृत्तिवेतन, व्याज, दयानंद सामाजिक सुरक्षेसारख्या योजना, यांतलं काही कापता येत नाही. कर्ज मनाला येईल तेवढं काढता येत नाही. केंद्राचं जुनं देणं असलं की नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते, आणि गोव्याच्या २००६च्या वित्तीय जबाबदारी कायद्याने तुटीवर मर्यादा आहे. राहतो भांडवली खर्च: पूल, शाळेची इमारत, पाण्याची टाकी, एक्स-रे मशीन. तो कोणी रद्द करत नाही. निविदा पुढे जाते, फाइल अर्थ खात्यात बसते, कंत्राटदाराचं बिल थकतं. माझ्याकडे असे दोन कंत्राटदार आहेत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचे फोन रात्री अकरालाही येतात.

काकांचा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने सांगितलं होतं की तिकडे संसदेत पैशावरून भांडण झालं आणि सरकारी कचेऱ्याच बंद पडल्या. तसं इथे का होत नाही, असं काकांनी विचारलं. तिकडे राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद, वेगवेगळे निवडून येतात. काँग्रेसने पैसे अडवले तरी राष्ट्राध्यक्ष खुर्चीत राहतो, फक्त पगार थांबतात. २०२५ मध्ये आरोग्य विम्याच्या अनुदानावरून असे ४३ दिवस गेले. त्याआधी जुलैमध्ये करकपात आणि गरिबांच्या आरोग्य योजनेतली काटछाट एकाच कायद्यात बांधून ट्रम्प यांनी ती सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० मतांनी काढून घेतली, तीही उपाध्यक्षांच्या मताने. त्या एकेका मतासाठी शेवटच्या रात्रीपर्यंत सौदे चालले आणि सगळ्या जगाने ते पाहिले. आपल्याकडे पैसे नामंजूर झाले तर कचेरी चालू राहते आणि सरकार पडतं. त्यामुळे मतदानाच्या दिवशी सौदा उरलेलाच नसतो, तो आधीच कुणाच्या तरी बंगल्यावर झालेला असतो. लोकांना दिसतं ते फक्त शंभर रुपये.

"म्हणजे ह्या शंभर रुपयांचं काय झालं शेवटी?" काका म्हणाले.

मी व्हिडिओ पुढे ढकलला. काकांनी पहिली दोनच मिनिटं पाहिली होती. पुढे मंत्री उत्तराला उठले, आधीच्या सरकारने काय केलं नाही ते सांगितलं, आणि मग म्हणाले की त्या केंद्रात तीन महिन्यांत नवीन मशीन बसवू. आवाजी मतदान झालं. कपात सूचना पडली. आरोग्य खात्याची मागणी शंभर रुपयांसकट मंजूर.

"पडली? मग मिळवलं काय?"

मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन कामकाजात नोंदलं जातं आणि विधानसभेची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते, असं मी सांगितलं. समिती किती नेटाने करते त्यावर मी बोललो नाही. काकांनी चष्मा लावला, काउंटरमागच्या कॅलेंडरची पानं उलटून तीन महिने बोटांवर मोजले, आणि विसाव्या तारखेला लाल पेनाने गोल केला. त्या चौकोनात आधीच माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: जीएसटी भरणे.